मुलगा एटीआरचा कॅप्टन आहे आणि मोठ्या कंपनीला नाही म्हणतोय. समजवावं का?

सुदामानगर_इंदूर

नमस्कार मंडळी. इथलं नेहमी वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. विषय घरातलाच आहे, पण घरात बोलून सुटत नाहीये.

मी स्टेट बँक ऑफ इंदूरमध्ये लागलो. २०१० मध्ये ती स्टेट बँकेत विलीन झाली, तिथून पुढे निवृत्त झालो. प्रमोशन आलं की बदली यायची. झाबुआ, मंदसौर, खांडवा, सगळीकडे एकटा राहिलो. मुलाची शाळा मोडू नये म्हणून कुटुंब इंदुरातच ठेवलं. एकही प्रमोशन सोडलं नाही, आणि त्याच पैशातून मुलगा वैमानिक झाला. आधी लायसन्स, मग टाइप रेटिंग, म्हणजे एका ठराविक विमानाचं वेगळं प्रशिक्षण. राऊचा प्लॉट त्यात गेला, वर कर्ज काढलं. ते दोन वर्षांपूर्वी फिटलं.

आज तो ३६ वर्षांचा आहे. एका छोट्या रीजनल कंपनीत एटीआर ७२ या पंख्याच्या छोट्या विमानावर सहा वर्षांपासून कॅप्टन आहे. ५,८०० तास झालेत. बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते गाव, इंदूर. सूनबाई शाळेत शिकवते, नात पहिलीत आहे.

मागच्या महिन्यात मोठ्या कंपनीची ऑफर आली. एअरबस ए३२०, बेस दिल्ली किंवा बेंगळुरू, कंपनी देईल तो. सुरुवातीला को-पायलट म्हणून घेणार, त्यामुळे पहिली काही वर्षं पगार आजच्याहून थोडा कमी. पण कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळालं की आजच्या जवळजवळ दुप्पट. उत्तर द्यायला १२ दिवस उरलेत आणि हा नाही म्हणतोय. कारण विचारलं तर एवढंच म्हणाला, "बाबा, मी आहे तिथे बरा आहे."

या 'बरा आहे'नेच माझी झोप गेली आहे. एवढी हुशारी, एवढी मेहनत, आणि समोर उघडलेलं दार हा स्वतःच्या हाताने लोटतोय असं वाटतं. नातेवाईक विचारतात, "मोठ्या विमानावर कधी जाणार?" मला उत्तर देता येत नाही.

कृपया सांगा, वैमानिक छोट्या कंपनीत मुद्दाम का राहतात? यात काही अर्थ असतो की माणूस घाबरलेला असतो? आणि त्याच्याशी बोलायला बसलो तर विचारू काय?

खजराना_रोड

काका, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सही करायला लावा.

मी विमान क्षेत्रातला नाही, पण या छोट्या कंपन्यांचे हिशेब कामानिमित्त पाहिलेत. छोटी शहरं विमानाने जोडायच्या सरकारी 'उडान' योजनेतली पहिली फ्लाइट एप्रिल २०१७ मध्ये शिमल्याहून दिल्लीला गेली. तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये अशी काही सीटांच्या भाड्याला मर्यादा, आणि कंपनीला पडणारा तोटा सरकार भरून देणार. पण तो तीनच वर्षं. अनुदान संपल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहिलेले मार्ग कमी आहेत. आणि योजना असो वा नसो, एअर पेगॅसस २०१६ मध्ये बसली, एअर कोस्टा २०१७ मध्ये, ट्रूजेट २०२२ मध्ये.

इंदूर बेसचं म्हणाल तर फ्लायबिगची सुरुवात आपल्याच विमानतळावरून झाली होती, जानेवारी २०२१ मध्ये. पुढे त्यांचं बस्तान गुवाहाटीला हललं. म्हणजे आज मुलगा घरी झोपतोय ही मेहरबानी कोणाची, तर एका छोट्या कंपनीच्या वेळापत्रकाची. ते एका बैठकीत बदलतं.

३६ हे वय बदलायला योग्य आहे. निवृत्ती ६५ ला. ४५ नंतर पुन्हा को-पायलट म्हणून सुरुवात करणं फार जड जातं.

डावी_सीट

मी बडोद्याचा, वय ५३. नऊ वर्षं एटीआर उडवलं, ३८ व्या वर्षी जेटवर गेलो. आता ए३२० वर आहे, बेस मुंबई, घर बडोद्यातच, हरणीला. काकांच्या मुलासमोर जो कागद आहे त्यावर मी सही केली होती. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ही रांग समजून घ्या. वैमानिकाच्या नोकरीत गुण, अनुभव, तास सगळं मोजलं जातं, पण रोजचं आयुष्य ठरतं ते सीनियॉरिटी नंबरवर, म्हणजे कंपनीत कोण कधी आलं त्यावर. बेस कोणाला मिळणार, दिवाळीत रजा कोणाला, कमांडसाठी आधी कोणाचं नाव, सगळं त्या नंबराने. कंपनी बदलली की नंबर शून्यापासून. मी ६,००० हून जास्त तास घेऊन गेलो आणि २४ वर्षांच्या मुलांच्या मागे उभा राहिलो. त्यात अपमान काही नाही, सगळ्यांना हाच नियम. पण घरी ते कळत नाही. घरच्यांना वाटतं, मोठं विमान म्हणजे बढती.

'तीन वर्षांत कमांड' हे वाक्य मलाही सांगितलं होतं. मला साडेपाच वर्षं लागली. कमांड येते ती नवी विमानं आली तर. २०२३-२४ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांपायी डझनावारी ए३२० निओ जमिनीवर उभी होती. विमान उभं म्हणजे त्यावरची कमांडही उभी. मुलाला विचारा, ऑफरमध्ये कमांडचा कालावधी लिहून दिलाय की नुसता तोंडी आहे.

आता उडवण्याबद्दल. हा भाग घरच्यांना कोणी सांगत नाही.

एटीआर ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं, १७ ते २० हजार फुटांवरून. जेट ढगांच्या वरून निघून जातं. एटीआरला पावसाळ्यात ढगांच्या मधूनच वाट काढावी लागते. सातपुड्यावर जुलैतली दुपार म्हणजे रडारवर लाल-पिवळे डाग आणि त्यांच्यामधली चिंचोळी फट. त्यात ऑटोथ्रॉटल नाही. जेटवर वेग बऱ्याच अंशी विमान स्वतः सांभाळतं, एटीआरमध्ये पॉवर लिव्हरवर हात ठेवून बसावं लागतं. मागे एपीयू म्हणजे जमिनीवर वीज आणि एसी देणारं छोटं इंजिनही नाही. मग उजवं इंजिन चालू ठेवायचं आणि त्याचा पंखा ब्रेक लावून धरायचा. याला हॉटेल मोड म्हणतात. मे महिन्यात ४३ डिग्रीत इंदूरच्या ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात तिथे, तुम्ही एटीआरमध्ये चढला असाल आणि आत गार लागलं असेल, तर ते त्यामुळे.

दिवसाला चार-चार सेक्टर. प्रत्येक उड्डाण तासाभराचं, म्हणजे हाताने केलेली कामं जास्त आणि बसून राहणं कमी. नियमाप्रमाणे ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग झाली नाहीत तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. लांब पल्ल्याच्या विमानांवर प्रत्येक फ्लाइटला जादा वैमानिक असतात, लँडिंग एकाच्याच वाट्याला येतं, त्यामुळे काहींना ती तीन भरायला सिम्युलेटरमध्ये जावं लागतं. काकांचा मुलगा तेवढी दोन दिवसांत करतो. काही वैमानिकांना हेच हवं असतं. छोट्या धावपट्टीवर, आडव्या वाऱ्यात विमान नीट टेकवून संध्याकाळी घरी येणं. यात घाबरणं कुठेच नाही काका. सोपं काम धरून बसलाय असं तर मुळीच समजू नका.

आणि रात्र. आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या विमानतळांवर रात्री उतरण्याची सोय नाही. त्यामुळे तिथे जाणाऱ्या विमानाचं वेळापत्रक सूर्यावर चालतं, आणि वैमानिक रात्री झोपतो. मी जेटवर आलो आणि पहाटे अडीचचे रिपोर्टिंग सुरू झाले. विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये विश्रांतीचे कडक नियम जाहीर केले, आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ केली, रात्रीच्या ड्युटीतली लँडिंग सहावरून दोनवर आणली. ते का करावे लागले, हे ज्याने ती ड्युटी केलीय त्यालाच विचारा.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे. मी गेलो ती मोठी कंपनी पुढे बंद पडली. नाव लिहीत नाही. शेवटचे काही महिने पगार नव्हता. पण ए३२० चं रेटिंग हातात होतं म्हणून दुसरीकडे लागलो. नुसत्या एटीआरवर असतो तर दारं कमी होती. पैसा चांगला मिळाला. मुलगी बाहेर शिकली ती त्याच्यावर. मला पश्चात्ताप नाही. पण तिच्या आठवी ते बारावीतलं मला फारसं काही आठवत नाही, कारण मी तिथे नव्हतोच.

एक व्यवहाराचं. २०१७ च्या नियमाने कमांडरला राजीनाम्यानंतर एक वर्षाची नोटीस द्यावी लागते, को-पायलटला सहा महिन्यांची. म्हणजे आज हो म्हटलं तरी वर्षभर सध्याच्याच कंपनीत, राजीनामा दिलेला माणूस म्हणून काढायचं. त्या वर्षात पुढची कंपनी भरती थांबवू शकते. ते पत्रात कसं लिहिलंय ते बघा.

बापट_चौक

काका, मी सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, घेऊन दोन वर्षं नोकरीची वाट बघतोय, त्यामुळे मोठ्या गोष्टी सांगायचा अधिकार नाही. एकच सांगतो. एटीआरवर कॅप्टन तयार होतात आणि दोन-तीन वर्षांत जेटवर निघून जातात. मग आमच्यासारख्या नव्यांना शिकवणारे, तपासणारे कॅप्टन उरत नाहीत. ५,८०० तासांचा माणूस तिथेच राहिला आणि पुढे इन्स्ट्रक्टर झाला, तर त्याला किंमत आहे. दादांना विचारा, तसं काही मनात आहे का.

टिळकपथ_मावशी

माझा भाचा अमेरिकेत अशाच कंपनीत आहे म्हणून लिहिते. तिकडचं गणित वेगळं आहे, पण प्रश्न तोच.

तिकडे रीजनल कंपन्यांची विमानं मोठ्यांच्या रंगात रंगवलेली असतात. तिकिटावर युनायटेड, डेल्टा किंवा अमेरिकन लिहिलेलं असतं, पण उडवणारी कंपनी स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय अशी निराळी. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी करारात अटच घालून ठेवली आहे की रीजनलला द्यायचं विमान ७६ सीटांपेक्षा मोठं नको. त्यामुळे तिकडे रीजनल म्हणजे पायरी, हे सगळे धरूनच चालतात. आणि तरीही काही जण पायरीवरच राहतात. त्यांना लाइफर म्हणतात.

भाचा सांगतो, पूर्वी तिथे राहणं परवडायचंच नाही, पगार फारच थोडे. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. चौकशीत वैमानिकांच्या उड्डाणातल्या चुका निघाल्याच, पण त्याबरोबर हेही बाहेर आलं की को-पायलट मुलगी सिॲटलकडून रात्रभर प्रवास करत नेवार्कला कामावर पोहोचली होती. घर देशाच्या एका टोकाला आणि बेस दुसऱ्या टोकाला. मला ते वाचल्यापासून विसरता येत नाही. त्यानंतर कायदा बदलला, २०१३ पासून को-पायलटलाही साधारण १,५०० तासांची अट आली. पुढे वैमानिक कमी पडायला लागले आणि २०२२ मध्ये एन्व्हॉय, पीएसए, पीडमाँट यांनी पगार एकदम वर नेले. तेव्हापासून राहणाऱ्यांना राहणं परवडू लागलं.

भाच्याचं घर बेसपासून गाडीने २० मिनिटांवर. यादीत त्याचा नंबर पहिल्या शंभरात. नोव्हेंबरचं रोस्टर, म्हणजे ड्युटीचा तक्ता, मागताना तो दिवाळीचे चार दिवस आधी काढून घेतो आणि ते मिळतात. मोठ्या कंपनीत गेला तर न्यूयॉर्कला रिझर्व्हवर बसावं लागेल, म्हणजे फोन वाजेल तेव्हा निघायचं, तेही भाड्याच्या खोलीत सहा जणांबरोबर राहून. त्याने बायकोबरोबर बसून कागदावर मांडलं आणि राहिला. माझी बहीण अजून रुसलेली आहे, तेही सांगते. तिला वाटतं मुलगा मागे पडला.

ग्वाल्हेरची_सून

काका, मी दुसऱ्या बाजूची. माझे यजमान जेटवर आहेत, बेस दिल्ली, आम्ही ग्वाल्हेरला. सासूबाईंमुळे हलता येत नाही.

त्यांना आठवड्याला सुटी मिळते, पण ते गतिमान एक्सप्रेसने येतात तेव्हा पहिला दिवस झोपेचा असतो. खिडकीला काळा पडदा आहे. बारा वाजेपर्यंत आमच्याकडे कुकर लागत नाही, मुलांनाही ते सांगावं लागत नाही, ती चप्पल हातात घेऊन जिन्यावरून उतरतात. दुसऱ्या दिवशी दुपारपासून बॅग दाराशी. मधला जो वेळ उरतो तेवढा आमचा. मी तक्रार करत नाही. या नोकरीने घर झालं, सासूबाईंचे दोन्ही गुडघे झाले. पण कोणी मला विचारलं की पुन्हा निवडायचं तर काय, तर मी लगेच उत्तर देऊ शकणार नाही.

दोन गोष्टी सांगते. पहिली, वैमानिकाचं पोट मेडिकलवर असतं. यजमानांची मणक्याची तक्रार निघाली आणि सात महिने ते जमिनीवर होते. कंपनीचा लॉस ऑफ लायसन्स विमा होता म्हणून निभावलं. छोट्या कंपनीत हा विमा आहे का, किती रकमेचा, हे आजच विचारा. नसेल तर स्वतःचा घेता येतो. आम्ही नंतर जास्तीचा घेतला, कागद माझ्याकडे आहेत, पाठवते.

दुसरी गोष्ट. एवढं सगळं लिहिलंत, सूनबाईंना काय वाटतं ते कुठेच आलं नाही. त्यांना विचारलंत का?

सुदामानगर_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रश्न बरोबर लागला. मी तिला विचारलं नव्हतं.

काल रात्री जेवणं झाल्यावर तिघं बसलो. मी त्याच्याकडे महिन्याचं रोस्टर मागितलं. त्याने मोबाइलवर उघडलं, मी वहीत उतरवून घेतलं. १४ दिवस उड्डाण, ४ दिवस स्टँडबाय, २ दिवस सिम्युलेटर आणि त्याचा प्रवास, १० सुट्या. घराबाहेर झोपलेल्या रात्री ४. मग त्याने त्याच्या बॅचच्या मित्राला फोन लावला, तो त्याच मोठ्या कंपनीत आहे, आणि त्याच महिन्याचं त्याचं मागितलं. घराबाहेरच्या रात्री १३. दोन्ही पानं समोरासमोर ठेवली. चौकोन सारखे, अक्षरं वेगळी.

मी म्हटलं, अरे पण पैसे. तेव्हा तो जे बोलला ते लिहावं की नाही असा सकाळपासून विचार करतोय. लिहितो.

म्हणाला, "बाबा, रविवारी रात्री तुम्ही साडेदहाच्या बसला निघायचात. आई डबा बांधायची. तुम्ही निघताना खोलीत येऊन वाकून बघायचात, तेव्हा मी जागा असायचो. आईने सांगून ठेवलं होतं, डोळे मिटून पड, उघडे दिसले तर त्यांना निघवणार नाही."

मला हे ३० वर्षांत माहीत नव्हतं. ती आता नाही, तिला विचारताही येत नाही. तो पुढे म्हणाला, "तुम्ही गेलात म्हणून आज मला नाही म्हणायची सोय आहे. कर्ज नाही, घर आहे. ही सोय मी वापरतोय."

सूनबाई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली की दिल्लीला जायची तिची तयारी होती, शाळा तिलाही कुठेही मिळेल. पण बेस कोणता ते हाती आल्याशिवाय घर हलवायचं, मग तो रात्री-अपरात्री बाहेर आणि ती नव्या गावात मुलीला घेऊन एकटी, हे तिला पटत नाही. तिचं म्हणणं, नात पाचवीत जाईपर्यंत हलायचं नाही, तेव्हा पुन्हा सगळं मांडून बघू. म्हणजे त्यांचं आपसात आधीच बोलून झालं होतं. मीच मागे होतो.

बापट चौक, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. त्याला टीआरआय, म्हणजे टाइप रेटिंग इन्स्ट्रक्टर व्हायचंय. सांगताना चेहरा वेगळाच होता. ताटलीचं विमान करून मला आडव्या वाऱ्यातलं लँडिंग दाखवलं, नाक वाऱ्याकडे ठेवून यायचं आणि टेकायच्या क्षणी पायाने सरळ करायचं. नवीन मुलं पाय उशिरा देतात म्हणाला. तेवढ्यात नातीने ताटली काढून घेतली आणि स्वतः उतरवली.

खजराना_रोड

काका, वाचून बरं वाटलं. तरी माझं मत मी सोडत नाही, कंपनी छोटी आहे हे काही बदललेलं नाही. राहायचं असेल तर डोळे उघडे ठेवून राहा.

तुम्ही बँकेतले, तुम्हाला सांगायला नको. कंपनी डळमळायला लागली की बातमी पेपरात यायच्या कितीतरी आधी पीएफ थकतो आणि कापलेला टीडीएस जमा होत नाही. मुलाचं पीएफचं पासबुक उघडा आणि भरणा कोणत्या तारखेला झालाय ते महिन्यामहिन्याने बघा. २६एएस, म्हणजे आयकर खात्याकडच्या कर जमेच्या तक्त्यात, टीडीएस बघा. दर तीन महिन्यांनी हे काम तुम्हीच करा, वैमानिकाला वेळ नसतो.

डावी_सीट

याला माझं अनुमोदन. आमच्या कंपनीत हेच झालं होतं आणि आम्ही कोणी पाहिलं नाही. आणखी एक, कंपनीच्या किती विमानांना सुट्या भागांसाठी उभं केलंय ते मुलाला ॲप्रनवर रोज दिसत असतं. एखाद्या विमानाचे भाग काढून दुसऱ्याला लावायला सुरुवात झाली की त्याने मला फोन करावा, कुठल्याही वेळी. टीआरआयचा अनुभव असलेल्या एटीआर कॅप्टनला काम मिळतं, त्यासाठी काय कागद तयार ठेवायचे ते मी सांगेन. आणि नाही म्हणताना मोठ्या कंपनीला दोन ओळींचं नीट पत्र लिहा म्हणावं. दार लावताना आवाज करू नये.

सुदामानगर_इंदूर

आज सकाळी दोघं बसलो. पीएफचं पासबुक पाहिलं. दोन वर्षांच्या नोंदी, जवळजवळ सगळा भरणा १५ तारखेच्या आत. एक महिना तीन आठवडे उशिरा. विचारलं तर म्हणाला, त्या महिन्यात पगारही आठवडाभर उशिरा आला होता. मी ती तारीख वहीत लाल शाईने लिहिली. २६एएस व्यवस्थित आहे.

ठरलं ते असं. ऑफरला तो नम्रपणे नाही कळवतोय, मजकूर मी वाचला, चांगला लिहिलाय. कर्जाचा जो हप्ता दोन वर्षांपूर्वी थांबला तेवढीच रक्कम आता दर महिन्याला बाजूला पडेल, वर्षाचा घरखर्च जमेपर्यंत. पासबुक दर तिमाहीला मी बघणार. कंपनीच्या लॉस ऑफ लायसन्स विम्याची रक्कम फार थोडी आहे, तेव्हा वरचा घ्यायचाय.

डावी सीट, तुमचा नंबर त्याला देतो, तुम्ही मला मेसेज करून ठेवा. मावशी, बहिणीला माझा नमस्कार सांगा, मी त्यांच्याच जागी होतो.

उद्या सकाळी त्याची जबलपूर आहे, दुपारी परत. पाचला नातीच्या शाळेत गॅदरिंग, तिथे तो पोहोचेल. ग्वाल्हेरच्या ताई, विम्याचे कागद तेवढे आज पाठवता आले तर पाठवा, रात्रीत वाचून ठेवतो.